दुबईहून परतताना: बॅगेत काय आणि कस्टमला सांगायचं काय

मी डोंबिवलीची. टूर मॅनेजर म्हणून दुबई, सिंगापूर, बँकॉकचे ग्रुप घेऊन जाते. सहलीत मला सर्वांत जास्त विचारले जाणारे प्रश्न दोन. "ताई, सोनं किती आणता येतं?" आणि "मोबाइल खोक्यातून काढून खिशात घातला तर चालेल ना?" अडचण अशी की हे प्रश्न बहुतेक वेळा परतीच्या दिवशी येतात, बॅगा भरून, कुलपं लावून झाल्यावर. ते दुकानात पाऊल टाकण्याआधी पडायला हवेत. ड्यूटी लागणार हे आधी कळलं तर वस्तू घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवता. नंतर कळलं तर पैसे दुकानदाराकडे गेलेले असतात आणि ड्यूटी समोर उभी असते.

आधी एक गैरसमज काढून टाकते, कारण तो शिकल्यासवरलेल्या लोकांनाही असतो. विमानतळावरच्या ड्यूटी फ्री दुकानातून घेतलेल्या वस्तूवर भारतात ड्यूटी लागत नाही, असं अनेकांना वाटतं. तसं काही नाही. त्या दुकानात त्या देशाचा कर माफ असतो. भारतात उतरल्यावर तो परफ्यूम, ते घड्याळ, ती बाटली तुमच्या मर्यादेत मोजलीच जाते. मुंबईत उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याकडे जाताना जे ड्यूटी फ्री दुकान लागतं, तिथली खरेदीही त्याच मर्यादेत येते. दुबईत व्हॅट परत मिळतो त्याचंही तेच. तिथला पाच टक्के व्हॅट परत मिळाला म्हणजे इथलं कस्टम झालं, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता मर्यादा. २ फेब्रुवारी २०२६ पासून नवे बॅगेज नियम लागू झाले. त्याआधी २०१६ चे नियम होते आणि त्यात ५०,००० रुपयांची सूट होती. नेटवर, व्हॉट्सअ‍ॅपवर अजून तोच आकडा फिरतो. नव्या नियमांत विमानाने परतणाऱ्या भारतीयाला ७५,००० रुपयांपर्यंतचं सामान ड्यूटीशिवाय आणता येतं. परदेशी पर्यटकाला २५,०००. तुमचे वापरलेले कपडे, चपला, औषधं, रोजचा चष्मा, हातातला वापरता फोन हे यात धरत नाहीत. १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप या मर्यादेबाहेर वेगळा माफ आहे. मोबाइलला मात्र अशी वेगळी माफी नाही. नवा फोन ७५,००० मध्येच बसवावा लागतो.

ही सूट माणशी आहे आणि ती एकत्र करता येत नाही. इथेच नवरा-बायकोंचा हिशेब चुकतो. दोघांचे मिळून दीड लाख, म्हणून १,३५,००० चा एक फोन आणला तर तो माफ होत नाही. फोन एक, तो एकाच्याच नावावर मोजला जाणार. त्यातले ७५,००० माफ, उरलेल्या ६०,००० वर ड्यूटी. बॅगेजवर २०१८ पासूनचा हिशेब असा आहे: ३५ टक्के मूळ शुल्क आणि त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, एकूण ३८.५ टक्के. म्हणजे ६०,००० वर २३,१०० रुपये. इथल्या दुकानात तोच फोन केवढ्याला मिळतो ते तिथल्या दुकानात उभं राहूनच बघा. बऱ्याचदा 'दुबईत स्वस्त' ही गोष्ट त्या एका गुणाकारात संपते. दोघांनी सत्तर-सत्तर हजारांचे दोन फोन घेतले तर मात्र एक रुपयाही लागत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नावावर ही सूट मागता येत नाही, त्याचं वापरातलं सामान तेवढं सोडतात.

किंमत कशी ठरते? बिलावरून. बिल नसेल तर अधिकारी आपल्याकडच्या माहितीवरून किंवा नेटवर पाहून किंमत धरतो आणि ती सहसा मूळ छापील किंमत असते, तुम्हाला मिळालेल्या सवलतीची नाही. म्हणून ग्रुपमधल्या सगळ्यांना मी एक सवय लावते: प्रत्येक बिल पासपोर्टच्या पाकिटात, बॅगेत नाही. थर्मल कागदावरची शाई उडते म्हणून फोटोही काढून ठेवायचा. आणि दुकानदार "कमी रकमेचं बिल करून देऊ का?" म्हणाला तर नको म्हणायचं. खोटं बिल दाखवणं हा कस्टम कायद्यात वेगळा गुन्हा आहे. चार हजारांची ड्यूटी वाचवायला कुणी तो अंगावर घेऊ नये.

काही वस्तू ७५,००० च्या हिशेबात येतच नाहीत. पहिली म्हणजे सपाट पडद्याचा टीव्ही. ऑगस्ट २०१३ पासून त्याला माफी नाही. ४५,००० च्या टीव्हीवर सुरुवातीपासून ३८.५ टक्के, म्हणजे १७,३२५ रुपये. त्यावर विमानात नेण्याचा त्रास आणि फुटण्याची भीती. मला विचाराल तर टीव्ही आणूच नये. दारू माणशी दोन लिटरपर्यंतच त्या हिशेबात बसते. सिगारेटी १००, किंवा सिगार २५, किंवा तंबाखू १२५ ग्रॅम, तिन्हीपैकी एकच. एक कार्टन २०० सिगारेटींचं असतं, त्यामुळे "एकच कार्टन आहे" म्हणणारा मर्यादेच्या दुप्पट घेऊन उभा असतो. बंदूक आणि पन्नासच्या वर काडतुसं, सोन्याची नाणी-बिस्किटं, चांदीच्या विटा याही माफीच्या बाहेर.

सोन्यावर जरा थांबते, कारण आपल्याकडे सगळा जीव त्यातच असतो.

दागिन्यांची जी प्रसिद्ध सूट आहे, बायकांना ४० ग्रॅम आणि इतरांना २० ग्रॅम, ती परदेशात एक वर्षाहून जास्त राहून परतणाऱ्यासाठी आहे. आठ दिवसांच्या सहलीला गेलेल्या काकूंसाठी नाही. दरवेळी ग्रुपमधल्या कुणाच्या तरी भाचीने "४० ग्रॅम चालतं" असं सांगितलेलं असतं. तिने सांगितलेलं खरंच असतं, फक्त ती शारजात तीन वर्षं राहिलेली असते. सहलीला गेलात आणि नवी साखळी घेतलीत तर ती जाहीर करा आणि अधिकाऱ्याला हिशेब करू द्या.

आखातात नोकरी करणाऱ्यांसाठी नव्या नियमांत एक फार चांगली गोष्ट झाली. आधी वजनाच्या जोडीला किमतीचीही मर्यादा होती, बायकांना एक लाख आणि पुरुषांना पन्नास हजार. २०२५ मध्ये सोनं १० ग्रॅमला लाखाच्या पुढे गेलं, तेव्हा ४० ग्रॅमची सूट प्रत्यक्षात १० ग्रॅमचीही उरली नव्हती. खेड, चिपळूण, महाडकडची किती कुटुंबं वर्षानुवर्षं बाहेर आहेत. लग्नाला म्हणून गावी येताना मंगळसूत्र आणि चार बांगड्या अंगावर असल्या तरी बाई धास्तावलेली असायची. दिल्ली उच्च न्यायालयानेही अशा अनेक प्रकरणांत अंगावरचे वापरातले दागिने अडकवून ठेवण्याबद्दल कस्टमला सुनावलं. आता किमतीची अट गेली, फक्त वजन राहिलं. वर्षाहून जास्त राहिल्याचा पुरावा म्हणजे पासपोर्टवरचे शिक्के आणि रेसिडेन्स व्हिसा. ते हाताशी ठेवा.

दागिन्यांपेक्षा जास्त सोनं आणायचं असेल तर वेगळा मार्ग आहे आणि तो सरळ आहे. भारतीय पासपोर्टधारक किंवा भारतीय वंशाची व्यक्ती किमान सहा महिने परदेशात राहून येत असेल (मधल्या छोट्या भेटी मिळून ३० दिवसांपेक्षा जास्त नसाव्यात), तर एक किलोपर्यंत सोनं सवलतीच्या दराने आणता येतं. हा दर जुलै २०२४ मध्ये १५ वरून ६ टक्क्यांवर आला होता. ड्यूटी परकीय चलनात भरायची असते, म्हणून दिरहम किंवा डॉलर बरोबर हवेत. सहा महिने पुरे नसतील तर हा दर मिळत नाही, नेहमीचा ३८.५ टक्क्यांचा दर लागतो. सोन्याचे दर सरकार अधूनमधून बदलतं, तेव्हा खरेदीच्या आठवड्यात सीबीआयसीच्या (कस्टम सांभाळणारं केंद्र सरकारचं मंडळ) संकेतस्थळावर ताजा दर पाहूनच दुकानात जा.

आणि भारतातून जातानाच तुम्ही भारी दागिने घालून जात असाल तर? लग्नाला दुबईला जाणारी मंडळी हे करतातच. मुंबई विमानतळावर निघताना कस्टमकडे दागिने दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या. मूल्यांकनाचा कागद, दागिन्यांचे फोटो आणि मूळ बिलं बरोबर न्या आणि तासभर आधी पोहोचा. परत येताना तो कागद दाखवला की हे दागिने इथलेच, हा विषय तिथेच मिटतो. महागडं घड्याळ, कॅमेरा, भारी लेन्स यांनाही हे लागू आहे. निघताना तास घालवायचा अनेकांना कंटाळा येतो. मी मात्र याबाबत कुणाचं ऐकत नाही.

बॅगेत अजिबात येऊ नयेत अशा गोष्टी आता. ड्रोन: फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. मुलाला वाढदिवसाला देण्याचा छोटा ड्रोनही अडकतो. ई-सिगारेट आणि व्हेप: २०१९ च्या कायद्याने बंद. सॅटेलाइट फोनला परवानगी लागते. बँकॉकच्या ग्रुपला मी आणखी दोन गोष्टी बजावते. तिथे गांजाची दुकानं उघडी दिसतात, त्या गांजाच्या गोळ्या-बिस्किटं रंगीत पाकिटांत मिळतात. आपल्याकडे त्याला १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा लागतो, तिथे विकत मिळत होतं हा बचाव चालत नाही. मुंबईत बँकॉकच्या विमानांवर बारीक नजर असते ती यामुळेच. आणि तिथल्या बाजारातले कासव, सरडे, पक्षी यांच्याकडे बघून पुढे चालायचं. मुक्या जिवाला बॅगेत कोंबून आणणाऱ्यांबद्दल मला जराही सहानुभूती नाही.

झाडांचं हळुवारपणे सांगावं लागतं, कारण ते बागेच्या वेडापायी होतं. सिंगापूर-थायलंडची ऑर्किडं पाहून आमच्या ग्रुपमधल्या एका काकू हरखून गेल्या होत्या, चार फुटवे ओल्या रुमालात गुंडाळून घेतले होते. रोपं, बिया, कंद, ताजी फळं-फुलं आणायला प्लांट क्वारंटाइनचा परवाना आणि त्या देशाचं फायटोसॅनिटरी, म्हणजे रोपाला कीड-रोग नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. त्या रुमालातून येणारी बुरशी किंवा कीड आपल्या कोकणातल्या बागांना महागात पडू शकते. मांस, मासे, चीज आणि दुधाचे पदार्थ यांचीही घोषणा करावी लागते. खजूर, सुका मेवा, केशर, चॉकलेट घरगुती प्रमाणात आणायला अडचण येत नाही. सहा किलो खजूर घरगुती म्हणता येतो, साठ किलो नाही. एकाच जातीचे दहा परफ्यूम, पाच सारखे फोन दिसले की अधिकारी त्याला व्यापारी माल समजतो आणि बॅगेजची सवलतच नाकारू शकतो.

रोख रकमेचं थोडक्यात: भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंत. परकीय नोटा ५,००० डॉलरच्या वर, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० डॉलरच्या वर असतील तर करन्सी डिक्लेरेशन फॉर्म भरायचा. त्यावर कर नाही, फक्त नोंद करायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्याचं पाकीट.

डेरा दुबईत, हॉटेलच्या दारात, कधी विमानतळाच्या रांगेत कुणीतरी गोड बोलत येतो. "तुम्ही मुंबईचेच ना? आईची औषधं आहेत, माझा भाऊ बाहेर उभा असेल." कधी तिकिटाचे पैसे किंवा चार दिवसांचं हॉटेलही देऊ करतो. माणूस मराठी बोलतो, गावचं नाव सांगतो. नाही म्हणा. ओळखीच्याचं असेल तर पाकीट तुमच्यासमोर उघडून, प्रत्येक वस्तू हाताळून, स्वतः भरा. शिवलेली पिशवी, चिकटपट्टीने गुंडाळलेला डबा, जड वाटणारा इस्त्री किंवा मिक्सर असेल तर ओळखीचा असला तरी नाही. मिक्सरच्या मोटरीत सोनं भरून पाठवतात, हे मुंबई कस्टमने अनेकदा पकडलेलं आहे. बॅग तुमच्या नावावर, टॅग तुमच्या पासपोर्टचा, त्यामुळे आतला मालही कायद्याच्या नजरेत तुमचा. अमली पदार्थ निघाले तर एनडीपीएस कायदा तुम्हाला माहीत होतं असंच आधी धरतो, माहीत नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं. मोठ्या प्रमाणात निघाले तर शिक्षा दहा ते वीस वर्षं. संकोचापोटी कुणाचं मन राखायला जाऊ नका. गावचा माणूस रुसला तर रुसू दे.

विमान उतरल्यावर काय होतं ते सांगते. इमिग्रेशन झालं की पट्टा, पट्ट्यानंतर दोन वाटा. ड्यूटी लागण्यासारखं काही नसेल तर ग्रीन चॅनल, असेल किंवा शंका असेल तर रेड चॅनल. सामान एक्स-रेमधून जातं, संशय आला तर बॅगेवर खडूची खूण दिसते. घोषणा आधीच भरायची असेल तर कस्टमचं 'अतिथी' हे अ‍ॅप आहे. ते भरून आलात तर काउंटरवरचं काम लवकर होतं.

रेड चॅनलला आपली माणसं फार घाबरतात. तिथे गेलं म्हणजे चोर ठरलो, असं वाटतं. उलट आहे. ड्यूटीची वस्तू घेऊन ग्रीन चॅनलमधून निघालात की ती चालच एक घोषणा धरली जाते, आणि ती खोटी ठरते. त्यानंतर "मला माहीत नव्हतं" याला वजन उरत नाही. वस्तू जप्त होऊ शकते. सोडवायची तर ड्यूटी भरायची, वर सोडवणुकीचा दंड, वर वेगळा वैयक्तिक दंड. तोच फोन घेऊन रेड चॅनलला गेलात तर वरच्या उदाहरणातले २३,१०० भरायचे, पावती घ्यायची आणि बाहेर टॅक्सी धरायची. बोलायचंही एकच वाक्य आहे: "साहेब, हा फोन नवा आहे, हे बिल, किती ड्यूटी होते?" ग्रुपमधल्या ज्यांनी ज्यांनी हे केलं ते माझ्यासमोर हलक्या चेहऱ्याने बाहेर आले. पावतीशिवाय कुणी पैसे मागितले तर देऊ नका, शांतपणे वरिष्ठ अधिकाऱ्याला भेटायचंय म्हणा.

ड्यूटी परवडत नसेल किंवा महिन्याभरात परत जायचंच असेल, तर आखातातल्या नोकरदारांना फार उपयोगी पडणारी एक सोय आहे. कस्टम कायदा १९६२, कलम ८०. वस्तू खरी खरी जाहीर केली असेल तर ती कस्टमकडे ठेवून घ्या आणि भारत सोडताना परत द्या, अशी विनंती करता येते. डिटेन्शन रिसीट, म्हणजे वस्तू ठेवून घेतल्याची पावती मिळते. परतीच्या उड्डाणाआधी पुरेसा वेळ ठेवून ती घेऊन जा. लपवलेली वस्तू पकडली गेली तर हा हक्क सांगता येत नाही.

आणि वस्तू अडकवलीच तर? रिसीटवर वस्तूचं वर्णन, वजन, नग नीट लिहिलेत का ते तिथेच वाचा. पहाटेचे तीन वाजलेले असतात, मुलं रडत असतात, समोर कागद येतात आणि "इथे सही करा" म्हणतात. वाचल्याशिवाय सही करू नका. विशेषतः छापील कागदावर "मला कारणे दाखवा नोटीस नको, सुनावणी नको" असं लिहिलेलं असेल तर. दिल्ली उच्च न्यायालयाने हक्क सोडल्याच्या अशा आधीच छापलेल्या पत्रांना वैध मानलं नाही, पण सही न करणं हे नंतर कोर्टात जाण्यापेक्षा सोपं आहे. कायद्यानुसार जप्तीआधी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी मिळणं हा तुमचा हक्क आहे. कागदाची प्रत किंवा फोटो मागा, अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा लिहून घ्या. लेखी आदेश हातात आला की त्या तारखेपासून ६० दिवसांत कमिशनर (अपील्स) यांच्याकडे जाता येतं. तिथेही पटलं नाही तर बॅगेजच्या प्रकरणात पुढची दाद केंद्र सरकारकडे पुनरीक्षण अर्जाने मागतात, त्याला तीन महिने असतात. बोर्डिंग पास, बिलं, रिसीट आणि पासपोर्टच्या शिक्क्यांच्या पानांची प्रत एका फाइलमध्ये लावून ठेवा. वकिलाकडे गेलात तर तो पहिल्यांदा हीच फाइल मागेल.